नाताळातला खून आणि बायकांची नजर

डिसेंबरात आपल्या शिवारात कापसाची वेचणी चालू असते, आणि जालन्यात नाताळची तयारी. हा सण आपल्या जिल्ह्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. आज आपण नाताळच्या दिवसांतलीच एक गोष्ट ऐकू. गोष्ट खुनाची आहे, पण कामाची आहे.

अगाथा ख्रिस्ती ही इंग्लंडची लेखिका. पहिल्या महायुद्धात तिने दवाखान्यात औषधं देण्याचं काम केलं, तिथे तिला विषांची माहिती झाली. १९२७ साली तिने आपल्या कथेत मिस मार्पल नावाची म्हातारी आणली. खेड्यात राहणारी, लग्न न केलेली, हातात कायम विणकाम. ती पोलिसात नव्हती. जन्मभर माणसं पाहिली होती, तेवढीच तिची शिदोरी.

१९३२ सालच्या कथासंग्रहात तिची नाताळातली गोष्ट आहे. एका हॉटेलात नवरा-बायको उतरलेले असतात. ट्रॅममध्ये नवऱ्याचा तोल जातो आणि बायको पडता पडता वाचते. लोक म्हणतात, अपघात. मार्पलला मात्र कळतं की हा बायकोला मारणार. पण पुरावा नाही, आणि त्या बाईचा नवऱ्यावर पूर्ण विश्वास. शेवटी ती बाई मरतेच. पुढे एका टोपीवरून मार्पल खुनी शोधते, त्याला फाशी होते. पण बाई गेली ती गेलीच.

त्याच गोष्टीत मार्पल पुरुषांना सुनावते की बायकांच्या ज्या बोलण्याला तुम्ही चहाड्या म्हणता, त्या बहुतेक वेळा खऱ्या निघतात.

पण थांबा, दुसरी बाजूही आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या गुप्तहेर रजनी पंडित आपल्या सुरुवातीच्या कामाबद्दल सांगतात. त्या कचेरीत नोकरीला होत्या. सोबतच्या एका बाईच्या घरी चोरी होत होती आणि संशय नव्या सुनेवर होता. रजनीताईंनी पाळत ठेवली, तर चोर घरातलाच मुलगा निघाला! नुसत्या कुजबुजीवर विसंबलं असतं तर सुनेवर कायमचा डाग बसला असता. म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आणि कानांनी ऐकलेलं वेगळं ठेवायचं.

मार्पलकडे नव्हतं ते आज आपल्याकडे आहे. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं कलम आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायदा विशेष चौकशी सांगतो. पण हुंडाबळीचं कलम आणि ही चौकशी बाई गेल्यानंतरची झाली.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आधीचं बोलतो. हिंसा झाली, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे, असं मानायला कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. शेजारीण कळवू शकते, बचत गटातली बाईसुद्धा. नात्यातलंच असायला हवं असं नाही. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर त्यासाठी खटला भरता येत नाही.

बैठकीला येणारी एखादी अचानक यायची थांबते. एखादी दर महिन्याला 'न्हाणीत घसरले' म्हणते. एखादीचा फोन कायम नवऱ्याकडेच असतो. हे आपल्यालाच दिसतं, कारण विहिरीवर, रानात, गटात आपणच तिच्याजवळ असतो. आधी तिच्याशी एकटीशी बोला. तारीख, वार, काय पाहिलं, ते वहीत लिहून ठेवा. मदतीसाठी १८१ आहे. जिवावर बेतलं असेल तर लगेच ११२ लावा.

मैत्रिणींनो, तिच्या दहाव्याला 'आम्हाला वाटलंच होतं' म्हणण्यापेक्षा आजच तिचं दार वाजवू या.