अठरा बाळांमागे एक

१९९५ साली गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने एक प्रयोग आरंभला. नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे, जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचेही प्रशिक्षण गावातल्याच स्त्रियांना देण्यात आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ही सेवा नव्हती.

तिसऱ्या वर्षी प्रयोगातील गावांचा नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत अशी घट झाली नाही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. पी-मूल्य होते ०.००१ हून कमी.

म्हणजे सेवेचा काहीच परिणाम नसता, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. ०.०५ ही रूढ मर्यादा रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे प्रचलित झाली. पण पी-मूल्य फरकाचा आकार सांगत नाही. नमुना प्रचंड असेल, तर क्षुल्लक फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. (कित्येक शोधप्रबंध या एका शब्दावर तरून जातात, ती गोष्ट वेगळी.)

बंग यांच्या निबंधाचे खरे वजन दुसऱ्याच आकड्यांत आहे. १९९७-९८ मध्ये सेवा मिळालेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. खर्च आला बाळामागे ५.३ डॉलर. आरोग्य खात्याला निर्णयासाठी लागतात ते हे आकडे. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी भेटी देऊ लागल्या, त्या याच पद्धतीच्या आधारे.