घर हीच पाठशाळा : एकोणिसाव्या शतकातील तीन मराठी कुटुंबांमधील गृहशिक्षण

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास प्रामुख्याने शाळांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात सुरू झालेली फुले दांपत्याची शाळा, १८७० चे फीमेल ट्रेनिंग कॉलेज आणि १८८४ मध्ये निघालेले, पुढे ‘हुजूरपागा’ या नावाने प्रसिद्ध झालेले मुलींचे हायस्कूल हे त्या इतिहासातील टप्पे मानले जातात. ते योग्यच आहे. परंतु भिडे वाड्यात शिकविणाऱ्या सावित्रीबाईंनी पहिली अक्षरे गिरविली ती घरी, जोतीरावांच्या हाताखाली. शाळेच्या आधी घरातला धडा होता. हा धडा कोणी निवडला, त्यात काय घेतले व काय वगळले आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी तो बसविला, या प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत निबंधात डोंगरे, रानडे व जोशी या तीन कुटुंबांचा विचार केला आहे.

अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत होते. गुरुजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून तरुण अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला शिकविण्याचा निश्चय केला. हा प्रयत्न पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधापुढे टिकला नाही. आज ज्ञात असलेला गृहशिक्षणाचा इतिहास हा मुख्यतः यशस्वी धड्यांचा इतिहास आहे. ज्या घरांत पाटी पुन्हा फडताळात गेली, त्या घरांनी आठवणी लिहिल्या नाहीत, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई विवाहसमयी अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना संस्कृत शिकविल्याबद्दल अनंतशास्त्रींना उडुपीच्या धर्मपीठासमोर शास्त्राधार द्यावे लागले व ते त्यांनी दिले. पुढे पश्चिम घाटातील गंगामूळ येथे त्यांनी आश्रम केला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी व अतिथी यांच्या खर्चाने कुटुंब कर्जात बुडाले आणि मूल सहा महिन्यांचे असताना आश्रम सोडावा लागला. वेताच्या पेटाऱ्यात निजवलेली ही मुलगी गड्याच्या डोक्यावरून यात्रेस निघाली. पुढची सुमारे सोळा वर्षे या कुटुंबाला स्थिर असे घर नव्हते. तरीही या काळातील सर्वांत सलग असा गृहशिक्षणाचा क्रम आढळतो तो याच बिऱ्हाडात.

वडील वृद्ध झाल्याने शिकविण्याचे काम आईकडे आले. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले. दिवसभर स्वयंपाक, देवपूजा, आल्यागेल्याचे पाहणे व पुढच्या मुक्कामाची तयारी असल्यामुळे शिकविण्यास वेळ उरे तो पहाटेचाच. अंधार असतानाच आई मुलीला मायेने उठवी, आणि उजाडेपर्यंत पाठ चाले. व्याकरण, कोश, पुराणे, त्यांतही अठरा हजार श्लोकांचे भागवत, हा त्यातील अभ्यास होता. सारे मुखोद्गत करावयाचे. हीच विद्या कुटुंबाचे उपजीविकेचे साधनही होती. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचावे आणि श्रोत्यांनी ठेवलेल्या धान्य, फळे, पैशांवर निर्वाह करावा, असा क्रम असे.

या अभ्यासक्रमाची निवड ठाम होती आणि तिच्या मर्यादाही तितक्याच ठाम होत्या. स्त्रीला संस्कृत शिकविण्याबाबत धर्मपीठाला सामोरे जाणारे अनंतशास्त्री वेदांच्या बाबतीत मात्र परंपरेबाहेर गेले नाहीत. रमाबाईंच्या हाती वेदाची प्रत प्रथम दिली ती कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी. इंग्रजी व लौकिक विद्या तर घरात सर्वस्वी वर्ज्य होत्या. मातृभाषा मराठीचे व्याकरणही कोणी शिकविले नाही. आईवडिलांचे बोलणे ऐकून आणि पुढे मराठी वृत्तपत्रे व पुस्तके वाचून ती भाषा रमाबाईंनी आत्मसात केली.

मद्रास इलाख्यातील दुष्काळात या निवडीची कठोर परीक्षा झाली. पुराण ऐकण्यास कोणी उरले नाही. १८७४ च्या सुमारास आधी वडील, मग आई, पुढे थोरली बहीण निवर्तली. मजुरी करण्यास किंवा भीक मागण्यास अभिमान आड आला आणि पोट भरण्याची दुसरी कोणतीही व्यावहारिक विद्या अवगत नव्हती, अशी कबुली रमाबाईंनी पुढे आत्मनिवेदनात दिली आहे. गृहशिक्षणाचे गुणगान करताना हे वाक्य बहुधा गाळले जाते. परंतु त्याच पाठांतराच्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वत्सभेने त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हेही तितकेच खरे. एकाच अभ्यासक्रमाचे हे दोन परिणाम आहेत आणि त्यांपैकी एकाचाच हिशोब मांडता येत नाही.

न्यायमूर्ती रानडे यांच्या घरातील परिस्थिती याहून निराळी होती. १८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या व निरक्षर होत्या. विवाहाच्या पहिल्याच रात्री रानड्यांनी पाटीवर अक्षरे काढून दिली, हे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथामुळे सर्वश्रुत आहे. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजमधील सगुणाबाई देव घरी येऊन मराठी शिकवू लागल्या. मराठीनंतर इंग्रजी, असा क्रम रानड्यांनी आखला होता. येथे शिक्षक विद्वान, पुस्तके मुबलक आणि हेतू उदार होता. अडचण होती ती दिवसाच्या वाटणीची. पतीजवळचा धडा रात्रीचा. दिवस मात्र सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या सत्तेतला. त्यांचे टोमणे उलट उत्तर न देता सोसावे लागत आणि इंग्रजी सुरू झाल्यावर हा रोष अधिकच तीव्र झाला. त्या स्त्रियांना केवळ जुनाट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण सून पुस्तक घेऊन बसली की तिच्या वाटणीचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते, हा साधा हिशोबही त्या रोषात होता. रानड्यांच्या अभ्यासक्रमात या कामाला स्थान नव्हते.

गोपाळराव जोशी यांनी तर पत्नीस शिकविण्याची मुभा ही विवाहाची अटच घातली होती. १८७४ मध्ये नऊ वर्षांच्या आनंदीबाई टपाल खात्यातील या कारकुनाच्या घरी आल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या व मधूनमधून शाळा मिळाली तरी मुख्य शिक्षक पतीच राहिला. अभ्यास सोडून आजीला स्वयंपाकात मदत करताना दिसली म्हणून पत्नीला मारहाण झाल्याचे सांगितले जाते. रानड्यांच्या घरी पुस्तकासाठी बोलणी खावी लागत, तर जोश्यांच्या घरी चुलीसाठी मार. दोन्हीकडे वेळापत्रक शिकणारीच्या हाती नव्हते. पुढे अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी दहाव्या वर्षी लाकडाचा मार आणि बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तके यांची स्पष्ट आठवण करून दिली. हे वर्तन हेतूच्या दृष्टीने चांगले म्हणावे की वाईट, याचा निर्णय करणे कठीण असल्याचेही त्यांनी त्यातच लिहिले. त्या काळातील गृहशिक्षणाचे इतके प्रामाणिक मूल्यमापन शिकणाऱ्या व्यक्तीच्या लेखणीतून क्वचितच उतरले असेल.

घराने आखलेला अभ्यासक्रम जेथे संपतो, तेथे या स्त्रियांची स्वतःची निवड सुरू झालेली दिसते. नवजात पुत्र दहा दिवसांत गेल्यानंतर आनंदीबाईंचे मन वैद्यकाकडे वळले आणि २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील भाषणात आपण अमेरिकेस का जात आहोत, याची कारणे त्यांनी स्वतः मांडली. पंडिता रमाबाईंनी घरी वर्ज्य असलेली इंग्रजी १८८२ मध्ये पुण्यात मिस हरफर्ड यांच्याजवळ आरंभिली. रमाबाई रानडे यांच्या बाबतीत ही निवड पंडिता रमाबाईंच्या सभांना जाण्याच्या रूपाने व्यक्त झाली. घरातील वाद त्यामुळे विकोपाला गेला.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ झाला. पदवी घेणाऱ्यांत आनंदीबाई होत्या आणि तो सोहळा पाहण्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनीच पुढे रमाबाईंच्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या ग्रंथास प्रस्तावना लिहिली आणि गंगामूळच्या आश्रमाची हकिगत तीत नोंदविली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, २६ फेब्रुवारीस, आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. ग्रंथाची अर्पणपत्रिका लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या नावे आहे.