मांडूळ : एकाच तोंडाचा 'दुतोंड्या'

लोणंद हा सातारा जिल्ह्यातील पर्जन्यछायेचा भाग. येथील माळराने, कोरडवाहू शेते आणि भुसभुशीत माती मांडुळाला मानवते. बोआ कुळातील हा साप पूर्णपणे बिनविषारी असून अजगराप्रमाणेच भक्ष्याला वेटोळ्यांत आवळून मारतो. मात्र अजगर अंडी घालतो, तर मांडुळाची मादी थेट पिलांना जन्म देते.

पूर्ण वाढलेले मांडूळ साधारण पाऊण मीटर लांब असते. क्वचित ते एक मीटरहून अधिक वाढते. रंग तांबूस तपकिरी ते काळपट, अंग जाड व गुळगुळीत, डोळे अगदी बारीक. फावड्यासारख्या मुस्कटाने माती सारीत ते जमिनीखाली सरकते. दिवस मातीत किंवा बिळात काढून ते रात्री उंदरांच्या शोधात बाहेर पडते. शेतकऱ्याचा याहून निरुपद्रवी मदतनीस शोधून सापडणार नाही.

मांडुळाची शेपटी निमुळती नसून डोक्याइतकीच बोथट असते. संकट येताच ते डोके वेटोळ्याखाली दडवते आणि शेपटी पुढे करते. शत्रूचा घाव शेपटीवर बसतो व जीव वाचतो. या युक्तीनेच माणसाला मात्र भलत्या समजुतीत पाडले. सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालणारा 'दुतोंड्या' अशी त्याची ख्याती झाली. काही गारुडी तर शेपटीवर डाग देऊन खोटे तोंडही तयार करीत.

पुढे गुप्तधन शोधून देणारा, पैशांचा पाऊस पाडणारा, असाध्य रोग बरे करणारा साप अशा अफवा पसरल्या आणि मांडुळाची तस्करी सुरू झाली. यांपैकी एकाही दाव्याला आधार नाही. तरीही वजनावर लाखोंच्या किमती सांगितल्या जातात, आणि त्या आशेने साप पकडणारे बहुधा स्वतःच फसवले जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मांडूळ पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीतही ही जाती आता संकटाच्या उंबरठ्यावरील गटात आहे.

नांगरटीत मांडूळ वर आले, तर त्याला बांधालगतच्या मऊ मातीत जाऊ द्यावे. थोड्याच वेळात ते आपणहून दिसेनासे होते.