पी.पी. ते सॉफ्टफोन : कॉलच्या वाटेचा इतिहास

१९७०-८० च्या दशकांतली लग्नपत्रिका, अडत दुकानाचे लेटरहेड किंवा वकिलाचे कार्ड हाती आले, तर फोन नंबरापुढे कंसात दोन अक्षरे हमखास दिसतात : पी.पी. गेली काही वर्षे मी धाराशिव जिल्ह्यातले असे कागद जमवतो आहे. विद्यापीठाशी माझा संबंध नाही. रद्दीच्या दुकानांशी मात्र घट्ट आहे. ही दोन अक्षरे इतक्या वेळा भेटली, की त्यांचा माग काढावा असे वाटले.

पी.पी. म्हणजे मूळ इंग्रजीत ‘पर्टिक्युलर पर्सन’, ठरावीक व्यक्ती. ट्रंक कॉल बुक करताना ऑपरेटरला नुसता नंबर न देता माणसाचे नावही सांगता येई. त्याला जादा आकार पडे. आपल्याकडे या शब्दाला दुसराच अर्थ चिकटला : फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. कॉल तारेवरून शेजारच्या दुकानापर्यंत येई आणि तिथून पुढे एखाद्या पोराच्या पायांनी जाई. माणूस घरी नसेल तर ‘शेतावर गेलेत’, ‘तुळजापूरला गेलेत, उद्या लावा’ असे उत्तर मिळे. आज ज्याला कॉल राउटिंग म्हणतात, म्हणजे आलेला कॉल योग्य माणसापर्यंत पोचवण्याची व्यवस्था, ती हीच. फक्त ती माणसांच्या डोक्यात होती.

नंतर एसटीडी आले. देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. खेड्यांपर्यंत ती पोचण्यासाठी मात्र १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेची वाट पाहावी लागली. तिचे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालणारे हे यंत्र होते. दुष्काळी मुलखातल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

एसटीडीने ऑपरेटरच्या डोक्यातला नकाशा आकड्यांत उतरवला. धाराशिव ०२४७२, तुळजापूर ०२४७१, कळंब ०२४७३, उमरगा ०२४७५. छत्रपती संभाजीनगर ०२४०, बीड ०२४४२, नांदेड ०२४६२ हे सगळे याच ‘०२४’ च्या कुळातले. लातूर मात्र ०२३८२, औसा ०२३८३, निलंगा ०२३८४. हे तालुके १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. आकड्यांत ते कोल्हापूर (०२३१) आणि सांगलीच्या (०२३३) रांगेत बसले. तुळजापूरहून सोलापूर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, पण त्याचा कोड ०२१७. म्हणजे कॉलची वाट आणि एसटीची वाट एक नव्हती. तरी एक गोष्ट पक्की होती : कोड पाहिला की गाव कळे. नंबर तारेचा होता आणि तार जमिनीत गाडलेली होती.

कचेऱ्यांमध्ये याच तारेला ईपीएबीएक्सच्या फांद्या फुटल्या. बाहेरून एक नंबर, आत वीस एक्स्टेन्शन. कंपनीच्या शाखा पुणे, सोलापूर, संभाजीनगर अशा वाढल्या, तशी आपल्याच लाइनीवरून शाखा जोडण्याची सोय झाली. पण सरकारी नियमाने एक कुंपण घातले. सार्वजनिक फोनवरून एका शहरात आलेला कॉल कंपनीच्या खासगी जाळ्यातून दुसऱ्या शहरात नेऊन पुन्हा सार्वजनिक फोनवर सोडता येत नसे. याला ‘टोल बायपास’ म्हणत. टोलनाका चुकवणाऱ्या ट्रकसारखाच हा गुन्हा. म्हणून शाखा कितीही असल्या, तरी त्यांच्या यंत्रणांत भिंती ठेवाव्या लागत. कॉल सेंटरच्या माणसाने घरून काम करायचे, तर त्याच्या अटी इतक्या जड होत्या की फारसे कुणी त्या वाटेला जात नसे.

टाळेबंदीच्या वर्षाने हे बदलले. ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा कंपन्यांची नोंदणी आणि बँक हमी काढून टाकली आणि घरून काम करण्याला मोकळीक दिली. २३ जून २०२१ ला आणखी सैलावणी झाली : कर्मचारी साध्या ब्रॉडबँडवरून किंवा मोबाइल डेटावरूनही थेट कंपनीच्या मध्यवर्ती एक्स्चेंजला जोडला जाऊ शकतो.

आता भूम-वाशीकडच्या एखाद्या गावात पोरगी लॅपटॉपवर सॉफ्टफोन उघडून बसते. सॉफ्टफोन म्हणजे यंत्राशिवायचा फोन. एक प्रोग्रॅम आणि कानाला हेडफोन. तो उघडताच पुण्याच्या सर्व्हरला कळवतो, ‘एक्स्टेन्शन २१४ सध्या इंटरनेटच्या या पत्त्यावर आहे.’ सर्व्हर ते टिपून ठेवतो आणि ही नोंद थोड्या थोड्या वेळाने ताजी होत राहते. ग्राहकाने ०२० चा नंबर लावला की सर्व्हर यादी पाहतो : २१४ हजर आहे का, बोलण्यात गुंतली आहे का, नसेल तर सोलापूरच्या शाखेत वाजवायचे का, तिथेही कुणी न उचलल्यास मोबाइलवर पाठवायचे का. गावातली वीज गेली, राउटर बंद पडला, तर नोंद शिळी होते आणि कॉल दुसरीकडे वळतो. ग्राहकाला यातले काही कळत नाही. त्याच्या लेखी ती पुण्यात बसलेली आहे.

पी.पी.चे जुने काम इथे पूर्ण झाले : नंबर तारेचा न राहता माणसाचा झाला. पण या सौद्यात गाव हरवले, आणि ते संकटात जाणवते. घरात वडिलांना छातीत कळ आली आणि तिने समोरच्या सॉफ्टफोनवरूनच ११२ लावला तर? यंत्रणा कॉल पुण्याच्या लाइनीवरून बाहेर सोडत असेल, तर मदत केंद्राला पुण्याचा नंबर आणि कंपनीचा पत्ता दिसेल. राज्यातले ११२ चे कॉल नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात आणि तिथून जिल्ह्याकडे येतात. पहिलाच पत्ता चुकला, तर ज्या मिनिटांत गाडी निघायला हवी, ती मिनिटे गाव विचारण्यात जातात.

अमेरिकेत हा धडा जीव जाऊन शिकावा लागला. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या हॉटेलच्या खोलीत कारी हंट या महिलेवर हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी ९११ फिरवत राहिली. पण त्या फोनवर बाहेरच्या कॉलसाठी आधी ९ दाबावा लागे, हे तिला ठाऊक नव्हते. आई वाचली नाही. तिच्या नावाने २०१८ मध्ये कायदा झाला : कचेरी-हॉटेलांच्या यंत्रणेतून ९११ थेट लागलाच पाहिजे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कॉलबरोबर मदत पोचू शकेल असे ठिकाण कळवणे बंधनकारक केले. दूरवर बसून काम करणाऱ्यांसाठीचे त्याचे नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

आपल्या जिल्ह्यातली मुले गावात राहून शहराचे काम करू लागली, याचा मला आनंद आहे. स्थलांतराने रिकामी झालेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. म्हणूनच दोन साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नोकरी देणाऱ्याने घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचा खरा पत्ता यंत्रणेत नोंदवावा, आणि सॉफ्टफोनवरून ११२ लावल्यास कॉल कुठून बाहेर पडतो हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. आणि घरच्यांनी संकटात लॅपटॉपकडे न धावता मोबाइलवरून ११२ लावावा, पहिल्याच वाक्यात गाव, तालुका आणि जिल्हा सांगावा. सर्व्हरला एक्स्टेन्शन माहीत असते, वाशी तालुका माहीत नसतो. तो आपणच सांगायचा आहे.