संधिवाती विकारांच्या निदानातील प्रयोगशाळा चाचण्या

संधिवाती विकारांच्या निदानात रक्ताच्या चाचण्यांचे स्थान पूरक असते. रुग्णाची लक्षणे व सांध्यांची प्रत्यक्ष तपासणी यांवरून आलेली शंका या चाचण्यांमुळे बळावते किंवा क्षीण होते. केवळ अहवालावरून आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ठरवता येत नाही.

आरए फॅक्टर

या चाचणीच्या नावामुळे बराच गैरसमज होतो. हा घटक आमवाताच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत आढळतो, तसाच सुमारे ५ टक्के निरोगी व्यक्तींत आणि क्षयरोग, कुष्ठरोग, हेपॅटायटिस सी यांतही आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या कॉपकॉर्ड सर्वेक्षणात आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. हेच प्रमाण धरून १,००० जणांची सरसकट चाचणी केल्यास पाच रुग्णांपैकी तीन-चार जणांचा अहवाल होकारात्मक येईल, पण त्यांच्यासोबत सुमारे ५० निरोगी व्यक्तींचाही येईल. त्यामुळे लक्षणे नसलेल्या कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत ही चाचणी घालणे निरुपयोगी ठरते. अँटि-सीसीपी ही चाचणी अधिक विशिष्ट आहे. मात्र तीही नकारात्मक असताना आमवात असू शकतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील संदर्भ

या पट्ट्यात ओतकाम करणारे कारखाने आहेत. सिलिकायुक्त धुळीच्या दीर्घ संपर्काने आमवाताचा धोका वाढतो, म्हणून ओतशाळेतील कामगाराची सूज केवळ श्रमाची समजणे योग्य नव्हे.

चिकुनगुन्यामुळे निदान अधिक अवघड होते. २००६ साली महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली होती. या तापानंतर हातापायांचे लहान सांधे कित्येक महिने सुजलेले राहू शकतात व सीआरपी वाढलेला असू शकतो. आमवाताच्या २०१० च्या वर्गीकरण निकषांत १० पैकी ६ गुण लागतात. चिकुनगुन्याचा रुग्णही तेवढे गुण मिळवू शकतो. निकष लावण्यापूर्वी इतर कारणे वगळायची असतात, ही अट येथे महत्त्वाची ठरते. अन्यथा रुग्णावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे विनाकारण सुरू होतात; उलट, खरा आमवात चिकुनगुन्याच्या नावावर घातल्यास सांध्यांची कायमची हानी होते.

इतर चाचण्या

ईएसआर व सीआरपी दाह दाखवतात, त्याचे कारण नव्हे. ईएसआर पंडुरोगात व वयोमानानुसारही वाढतो. ल्युपसच्या जवळपास सर्व रुग्णांत एएनए आढळते. परंतु १:४० इतक्या सौम्य पातळीवर ते निरोगी लोकांतही वारंवार दिसते. गाऊटच्या ऐन झटक्यात रक्तातील युरिक आम्ल सर्वसाधारण असू शकते. खात्रीसाठी सांध्यातील द्रव काढून त्यातील स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.