स्पोकचा मायक्रोमीटर

न्यूझीलंडच्या नकाशात अगदी तळाशी इन्व्हरकारगिल नावाचं गाव आहे. तिथे ई. हेस नावाचं एक जुनं हार्डवेअरचं दुकान आहे. आपल्या बोहरी दुकानासारखंच, फक्त पुष्कळ मोठं. त्या दुकानात खिळे, स्क्रू, पाने, रंगाचे डबे या सगळ्याच्या मधोमध एक लाल, लांबुळकी, माशासारखी दिसणारी मोटारसायकल ठेवलेली आहे. बर्ट मन्रोची इंडियन स्काऊट. जगप्रसिद्ध गाडी म्युझियमच्या काचेआड न ठेवता पाने विकणाऱ्या दुकानात ठेवली, हे मला फारच आवडतं.

मन्रोवर २००५ साली सिनेमा आला होता, 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन'. अँथनी हॉपकिन्सने केलेला. (नाव वाचून आपल्या मिल्खासिंगांवर असेल असं वाटलेले दोघेजण तरी माझ्या माहितीत आहेत. 'इंडियन' ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची मोटारसायकल कंपनी.) मध्यंतरी आमच्या भाच्याने तो पाहिला आणि मला फोन करून निकाल ऐकवला, "मामा, त्या म्हाताऱ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. नुसत्या जुगाडावर वर्ल्ड रेकॉर्ड! आणि तू पुलरसाठी पार्सलची वाट बघत बसलायस."

पार्श्वभूमी नातेवाइकांना माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या वडिलांची बुलेट सध्या सांगलीच्या घरी पुढच्या सोप्यात उघडी पडली आहे. इंजिन खाली, पार्ट परातीत. आईने त्यातली एक परात परत मागितली आहे. हे इंजिन घरी बांधायचं की गॅरेजला द्यायचं, आणि घरी बांधायचं तर कोणत्या हत्यारांनी, यावर घरात दोन तट आहेत. भाचा जुगाड पक्षाचा पुढारी. म्हणून मन्रोबद्दल जरा नीट लिहावंसं वाटलं.

मन्रोचा जन्म १८९९ चा. १९२० साली त्याने नवी कोरी स्काऊट घेतली. ६०० सीसी, ताशी ५५ मैल, म्हणजे नव्वदच्या आतबाहेर किलोमीटर. १९२६ पासून त्याने तिच्यात हात घालायला सुरुवात केली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तो काही बाहेर काढला नाही. पिस्टन स्वतः ओतायचा. साचा म्हणून जुने पत्र्याचे डबे. सिलिंडरसाठी गॅसच्या जुन्या बिडाच्या पाइपाचे तुकडे. कनेक्टिंग रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कोरून काढलेले. मूळचं साइड व्हॉल्व्ह इंजिन त्याने ओव्हरहेड व्हॉल्व्ह करून टाकलं. आणि या सगळ्याची मापं घ्यायला मायक्रोमीटर म्हणून काय, तर चाकाचा एक जुना स्पोक!

आता हे हौसेपोटी होतं असं समजू नका. न्यूझीलंड सरकारने १९३८ साली आयातीवर परवाने लावले. परकीय चलन नाही, बाहेरचा माल नाही. त्यात स्प्रिंगफील्डचा कारखाना १९५३ साली बंद पडला. ज्या गाडीची कंपनीच उरली नाही तिचे पार्ट आणायचे कुठून? परमिट राज पाहिलेल्या आपल्या आधीच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण त्या स्पोककडे मला परत यायचंय, कारण खरी मेख तिथे आहे.

स्पोकने माप घेता येतं का? आकडा वाचायचा असेल तर नाही. पण तार सिलिंडरच्या भोकात आडवी बसेल अशी घासून घेतली, की वरच्या टोकाला किती घट्ट जाते, खाली किती सैल होते, हे बोटाला कळतं. भोक कुठे पोटाळलंय, कुठे लंबगोल झालंय तेही कळतं. सरावलेल्या हाताला केसापेक्षा बारीक फरक जाणवतो, यात कविकल्पना काही नाही. कुठल्याही जुन्या फिटरला साधा कॅलिपर देऊन बघा. गावचा सुतारही टेप न लावता काडी मोडून भोकाचं माप घेतो आणि कूस त्यात चपखल बसवतो. इंच किती झाले विचारलं तर हसेल. त्याला इंचाशी कर्तव्यच नसतं, हे त्यात बसतं की नाही एवढंच त्याला हवं असतं.

मन्रोचंही तसंच होतं. पिस्टन तोच ओतणार, सिलिंडर तोच घासणार, दोन्ही एकाच शेडमध्ये एकाच माणसाच्या हातात. मग आकडा सांगायचा कोणाला?

आकड्याची गरज पडते ती दोन अनोळखी माणसांनी बनवलेले दोन भाग एकमेकांत बसायचे असतात तेव्हा. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे बोल्टचे आटे वेगळे असायचे. एका ठिकाणचा बोल्ट दुसरीकडच्या नटाला जाईल याचा भरवसा नाही. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने सगळ्यांसाठी एकच आटा सुचवला, ५५ अंशांचा. १८४८ साली फ्रान्समध्ये पामरने स्क्रूचा मायक्रोमीटर पेटंट केला, आणि पुढे १८६७ पासून अमेरिकेत ब्राऊन अँड शार्पने तो साध्या कारागिराच्या खिशाला परवडेल असा केला. मायक्रोमीटर हे माझ्या मते एक प्रकारचं टपालच आहे. मी इथे मोजलेलं तिकडे दूर कोणाला तरी जसंच्या तसं कळवायचं. ज्याला कोणाला काही कळवायचंच नाही त्याचं स्पोकवर भागतं.

आता आमच्या बुलेटकडे या. ही गाडी जन्माने इंग्लिश, १९५५ पासून मद्रासला बनू लागली. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. आमचा सिलिंडर झिजलाय, म्हणजे तो बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. पिस्टन कुठल्या तरी कारखान्यातून डब्यात बंद होऊन येणार, बोअर सांगलीतला लेथवाला करणार. या दोघांची जन्मात गाठ पडायची नाही. त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचं. कमी पडलं तर गरम झाल्यावर पिस्टन धरतो, जास्त झालं तर खडखडतो आणि तेल जाळतो. इथे मला स्पोक नको, मायक्रोमीटर हवा. आणि तोही लेथवाल्याचा, रोज वापरातला. सोनारानेच कान टोचावेत.

तीच गोष्ट पान्यांची. जुन्या बुलेटवर आटे इंग्लिश, नटाची डोकी व्हिटवर्थच्या हिशोबाची. आपल्याकडचा मिलिमीटरचा पाना 'जवळजवळ' बसतो. या जवळजवळने किती नट गोल केले असतील याची गणती नाही. मागे एकदा वडिलांनी गाडी एका गॅरेजात टाकली होती, तिथे त्यांनी क्लचचा नट छिन्नी-हातोडीने फिरवला. ते व्रण अजून आहेत. वडील नंतर बरीच वर्षं तो नट पाहुण्यांना दाखवायचे, सापाने चावलेली जागा दाखवावी तसा.

आणि पुलर. टेपरवर बसलेला गिअर किंवा क्लचचा सेंटर ठोकून निघतो, नाही असं नाही. पण प्रत्येक ठोका शाफ्टमधून बेअरिंगला जातो. पुलर तेच काम शांतपणे, सरळ रेषेत करतो. इथे जुगाडालाही जागा आहे बरं का. जाड पट्टी, तीन बोल्ट आणि मध्ये एक नट वेल्ड केला की पुलर तयार. वडिलांच्या पेटीत असा एक होता, नेमका त्याचा मधला बोल्ट गायब आहे. (आत्या, तुमच्या माळ्यावर एकदा बघाल का? अंगठ्याएवढा जाड, टोकाला निमुळता.) घरी केलेला पुलर हा माझ्या हिशोबी योग्य हत्यारच. हातोडी हा पुलर नव्हे. भाच्याची गल्लत होते ती इथे. हत्यार कुठून आलं हे तो बघतो, ते कामाला कुठल्या बाजूने जोर लावतं हे बघत नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण द्यायला हवं, नाहीतर भाचा म्हणेल मामा कंपनीचा माणूस झाला. बुलेटचे टॅपेट सेट करायला फीलर गेज लागतच नाही. इंजिन गार असताना पुशरॉड दोन बोटांनी फिरवायचा. मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. झालं! ही कुणा रस्त्यावरच्या मिस्त्रीची युक्ती नाही, अधिकृत पद्धतच ती. म्हणजे कंपनीनेच तुमच्या बोटांना मोजमापाचं साधन मानलेलं. वडील हे काम रविवारी सकाळी लुंगीवर बसून करायचे, आणि मग मला फिरवायला सांगायचे. "कळलं का?" एवढंच विचारायचे. कळायला दोन-तीन वर्षं गेली.

सिनेमा बघून निघणाऱ्या माणसाच्या लक्षात न राहणारी एक गोष्ट मन्रोच्या शेडमध्ये होती. एक फळी, फुटक्या पार्टांनी भरलेली. फाटलेले पिस्टन, तुटलेले रॉड, तडकलेले सिलिंडर. वर पाटी, 'वेगाच्या देवाला अर्पण'. घरच्या हत्यारांची किंमत त्याने अशी हप्त्याहप्त्याने भरली. त्याला परवडत होतं, कारण मोडलं तर पुन्हा ओतायला तो मोकळा होता. १९४७ मध्ये बायकोपासून वेगळा झाल्यावर तर तो त्या गॅरेजातच राहायला गेला. आमच्याकडे वडिलांच्या हातचं इंजिन एकच आहे. ते फळीवर ठेवायची माझी तयारी नाही. म्हणून पार्सलची वाट बघतोय.

मन्रोचा शेवटचा विक्रम अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर, १९६७ सालचा. तो ६८ वर्षांचा, गाडी ४७ वर्षांची, इंजिन तोवर ९५० सीसीपर्यंत वाढवलेलं. नोंद झाली ताशी १८३.५८६ मैल. मन्रो १९७८ मध्ये गेला. पुढे २०१४ साली त्याच्या मुलाच्या, जॉनच्या लक्षात आलं की सरासरी काढताना अमेरिकन असोसिएशनचा हिशोब चुकला होता. त्यांनी दुरुस्ती करून दिली. आता त्याच्या नावावर १८४.०८७ मैल आहेत.