वेटलिस्ट: 12 तासांच्या तारेपासून 'फ्लोट'पर्यंत

आज वेटलिस्टबद्दल बोलू. रेल्वेची नाही, कॉलेजची.

समजा, एका कॉलेजात तुमचा नंबर लागलाय आणि फी भरायची शेवटची तारीख उद्या आहे. पण जिथे खरंच जायचंय, ते कॉलेज म्हणतंय, 'वेटिंगला आहात, जागा झाली तर कळवू.' आता हातातली सीट घ्यायची, की थांबायचं? आणि घेऊन नंतर सोडली, तर ते योग्य आहे का? अगदी हेच प्रश्न 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी एका छोट्या पेपरच्या सुरुवातीलाच मांडले होते.

आधी कॉलेजची बाजू बघू. 100 जागांसाठी 100 ऑफर दिल्या तर सगळे येत नाहीत, कारण त्यांच्याकडे दुसऱ्या ऑफरही असतात. 200 दिल्या आणि 150 आले, तर बसवायचं कुठे? म्हणून कॉलेज अंदाजाने ऑफर देतं आणि अंदाज चुकला तर हाताशी असावेत म्हणून काहींना वेटलिस्टवर ठेवतं. म्हणजे कॉलेजची अनिश्चितता शेवटी विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते.

हा प्रकार कुठपर्यंत जाऊ शकतो, ते अमेरिकेतल्या मेडिकल इंटर्नशिपमध्ये दिसलं. 1940च्या दशकात तिथे जागा जास्त होत्या आणि इंटर्न कमी. चांगला विद्यार्थी हातचा जाऊ नये म्हणून हॉस्पिटलं डिग्रीच्या दोन-दोन वर्षं आधी ऑफर द्यायला लागली. 1945 मध्ये मेडिकल कॉलेजांनी ठरवलं, की ठरलेल्या तारखेआधी विद्यार्थ्यांची माहितीच बाहेर द्यायची नाही. लवकर ऑफर देणं थांबलं, पण दुसरंच झंझट सुरू झालं. वरच्या हॉस्पिटलच्या वेटिंगवर असलेला विद्यार्थी हातातली ऑफर शेवटच्या क्षणापर्यंत धरून बसायचा. त्याने ती सोडली, की हॉस्पिटल पुढच्या उमेदवाराला विचारायचं, पण त्याने तोवर दुसरीकडे होकार दिलेला असायचा. मग विचार करायला दिलेले 10 दिवस कमी कमी होत गेले. 1949 मध्ये प्रस्ताव आला, की रात्री 12 वाजून 1 मिनिटाने तारेने ऑफर द्यायची आणि उत्तर दुपारी 12 पर्यंत. हॉस्पिटलांच्या संघटनेने हे 12 तासही जास्त आहेत म्हणून नकार दिला!

शेवटी ठरलं, की दोन्ही बाजूंनी पसंतीच्या याद्या द्यायच्या आणि जोड्या एकाच ठिकाणी लावायच्या. पण पहिल्या आराखड्यात एक बग होता. अवघड हॉस्पिटल पहिल्या नंबरावर लिहिलं आणि ते मिळालं नाही, तर दुसऱ्या नंबरावरचंही हुकू शकत होतं. हा बग विद्यार्थ्यांनीच पकडला, 1951 मध्ये विरोध केला आणि पद्धत बदलायला लावली. 1952 पासून सुधारलेली पद्धत सुरू झाली.

10 वर्षांनी गेल आणि शॅप्लींनी, या सगळ्याची कल्पना नसताना, कॉलेजांसाठी जवळपास तोच उपाय काढला. प्रत्येकाने आधी आपल्या पहिल्या पसंतीला अर्ज करायचा. कॉलेजने जागा असतील तेवढे चांगले अर्ज फक्त धरून ठेवायचे, पक्का होकार द्यायचा नाही. बाकीच्यांनी आपल्या पुढच्या पसंतीकडे जायचं. तिथे नवा अर्ज जास्त चांगला असेल, तर आधी धरलेला सुटतो आणि तो विद्यार्थी पुढे सरकतो. कोणालाच नकार मिळेनासा झाला, की सगळे होकार एकदम पक्के. कोड लिहायचा तर एक साधा लूप! वेटलिस्ट इथेही आहे, पण ती आतल्या आत हलते, त्यामुळे कोणालाही जुगार खेळावा लागत नाही.

दोन्ही पद्धती मुळात एकच आहेत, हे 1984 मध्ये ॲल्विन रॉथ यांनी दाखवलं. फरक एवढाच, की मेडिकलमध्ये पहिला हात हॉस्पिटलांचा होता. 1998 पासून तो उमेदवारांकडे आला. 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्लींना मिळालं. गेल 2008 मध्येच वारले होते.

आता आपल्याकडे या. 2015 पर्यंत आयआयटी आणि एनआयटीच्या जागा वेगवेगळ्या वाटल्या जायच्या. एकच मुलगा पवई आयआयटीची आणि नागपूरच्या व्हीएनआयटीची अशा दोन सीट अडवू शकायचा, आणि सोडलेली सीट उशिरा रिकामी व्हायची. 2015 पासून 'जोसा'मध्ये दोन्हींची यादी एक झाली, आणि आत चालतो तो याच कल्पनेवरचा अल्गोरिदम. तिथलं 'फ्लोट' म्हणजे हीच गोष्ट: ही सीट धरा, वरची मिळाली तर ही आपोआप दुसऱ्याची.

मग फॉर्म भरताना काय करायचं? विद्यार्थ्याच्या पसंतीने चालणाऱ्या अशा पद्धतीत 'आपल्याला मिळणार नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नका. ते वर लिहिल्याने खालचं हुकत नाही. राज्याच्या कॅपमध्ये मात्र फ्रीझचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, ते आधी नीट वाचा.

गंमत बघा, ज्या अमेरिकन कॉलेजांवरून हा पेपर सुरू झाला, त्यांनी ही पद्धत घेतलीच नाही. तिथली मुलं आजही साधारण 1 मेपर्यंत एका कॉलेजला होकार देतात आणि नंतर वेटलिस्टच्या ईमेलची वाट बघतात. आपल्याकडेही जिथे प्रत्येक कॉलेजची तारीख आणि फी वेगळी, तिथे तोच 1962 चा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी फी भरण्याआधी रिफंडची तारीख बघा, आणि सीट सोडायची ठरली तर लगेच सोडा. तुमच्या मागे कोणीतरी थांबलेलं असतं.

भेटू पुढच्या भागात!